आईचं पाठांतर

आईची वाचा गेली ती पावसाळ्याच्या तोंडावर. पहाटे चहाचं आधण ठेवायला उठली आणि ओट्याचा आधार घेत खाली बसली, ती स्वतःहून उठलीच नाही. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय, आणि बहुतेक माणसांचं बोलणं त्याच भागातून चालतं. हातपाय व्यायामाने थोडेफार परत येतील, बोलण्याची खात्री देता येत नाही. ऐकलेलं मात्र तिला बरंचसं कळेल.

गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. तरी आईला सगळी गल्ली ओळखायची ती तिच्या प्रार्थनेमुळे. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनेची बैठक असते. उचगावहून, गांधीनगरहून चार-सहा कुटुंबं येतात. गाणी होतात, वचन वाचलं जातं, आणि शेवटची प्रार्थना आईकडे असायची. ती प्रार्थना लांबलचक. शेजारच्या काकूंची म्हैस गाभण राहत नाही, कुणाच्या पोराचा गांधीनगरच्या दुकानात पगार अडकलाय, विमानतळाला जमीन गेली त्या घरात भाऊ भाऊ बोलत नाहीत, हे सगळं नावानिशी देवापुढे मांडलं जायचं. रविवारी कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चला उपासनेला गेलो तरी बाहेर पडताना दोन-तीन बायका आईला गाठायच्या आणि आपापली अडचण तिच्या कानात सांगायच्या. आपलं नाव या बाईच्या तोंडून देवापुढे गेलं की बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि दवाखान्यातून घरी आली तेव्हा या बाईजवळ एकच शब्द उरला होता, ‘आता’. पाणी हवं असलं तर ‘आता’. पाय दुखला तर ‘आता’. आमच्यातल्या कुणाला जवळ बोलवायचं असलं तरी ‘आता’. आपण चुकीचा शब्द बोलतोय हे तिला समजायचं, म्हणून ती डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायची.

त्या दिवसांत मला प्रार्थना जमेना. लहानपणापासून मी आईच्या प्रार्थनेच्या आडोशाला बसत आले होते. ती मागायची, मी आमेन म्हणायची. आता डोळे मिटले की घशाशी काहीतरी दाटून यायचं आणि शब्द एकही यायचा नाही. मी गांधीनगरच्या एका व्यापाऱ्याचे परकर शिवते, नगावर मजुरी. रात्री मशीन बंद केलं की आईच्या उशाशी पवित्र शास्त्र घेऊन बसायची आणि हाताला लागेल ते पान उघडायची. असंच एकदा 88वं स्तोत्र लागलं. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत रडणारी, भांडणारी, जाब विचारणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण त्यातली बहुतेक शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. अंधाराशी येऊन थांबतं. मी पुढच्या पानावर आणखी दोन ओळी आहेत का म्हणून पाहिलं, नव्हत्या. पण ज्यांनी या ग्रंथाची जुळणी केली त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. देवापुढे नेण्यासारखं माझ्याजवळ एवढंच असेल तर तेवढं घेऊन जायची मुभा आहे, हे मला त्या रात्री समजलं. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. माझी प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती इथून.

शुक्रवारची बैठक बंद ठेवावी असं दादाचं म्हणणं होतं. आईला त्रास होईल, लोक बघत राहतील. वहिनी म्हणाली, घेऊ या, आईला बसवू या. खुर्चीला उशा लावून तिला बसवली. गाणी झाली, वाचन झालं, आणि शेवटी कुणी प्रार्थना करायची यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला माझ्या बाजूने आवाज आला. आईचा. खरखरीत, पण शब्द अन् शब्द स्वच्छ. पित्याच्या नावापासून रोजच्या भाकरीपर्यंत, भाकरीपासून क्षमेपर्यंत, आणि राज्य, सामर्थ्य, गौरव म्हणत शेवटच्या आमेनपर्यंत. बाकीच्यांचे आवाज आपोआप उतरत गेले. वहिनीच्या डोळ्यांना धार लागली होती. प्रार्थना संपली, आईने माझ्याकडे वळून काहीतरी मागितलं, आणि तोंडातून आलं, ‘आता’. तिला पाणी हवं होतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं. नवं वाक्य जुळवायला लागते ती ताकद गेलेली असते, पण पाठ झालेलं, गाण्यात बसलेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेलं असतं. अंक मोजणं, वारांची नावं, देवाचं नाव, ओव्या, गाणी. ती वाट शाबूत राहू शकते. त्यांनी आईला गाणी म्हणायला लावली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गाणी तिला कडव्यांमागून कडवी येत होती.

आईचं माहेर कोडोली. कोल्हापुरात मिशनचं काम रॉयल वायल्डर यांनी 1852 मध्ये सुरू केलं आणि पुढे ते पन्हाळ्याच्या बाजूला गेलं. कोडोलीतली ख्रिस्ती वस्ती तेव्हापासूनची जुनी. तिथल्या रविवारच्या शाळेत दर आठवड्याला एक सुवर्णवचन पाठ करून जावं लागे. आई आणि मावशी शेण गोळा करता करता, विहिरीला जाता-येता एकमेकींकडून म्हणून घ्यायच्या. आई चौथीपर्यंतच शिकली. वाचायला फारशी सरावली नव्हती, पण ऐकून पाठ केलेलं तिच्याजवळ भरपूर होतं. आमच्या पिढीने या पाठांतराला घोकंपट्टी म्हणून बाजूला टाकलं, आता वचन मोबाइलमध्ये सापडतं. मला हे मोठं नुकसान वाटतं आणि मी ते मुलांच्या आईबापांना तोंडावर सांगते. पवित्र शास्त्रातलं सगळ्यांत मोठं स्तोत्र 119वं. 176 वचनं, हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांची 22 कडवी, आणि प्रत्येक कडव्यातली आठही वचनं त्याच अक्षराने सुरू होणारी. अशी रचना पाठांतराच्या किती सोयीची आहे! लोकांच्या घरात पोथी नव्हती, म्हणून ती त्यांनी तोंडात ठेवली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे आईसारख्याच बायका होत्या, फार शाळा न झालेल्या, पण कानाने पक्क्या.

शेजारच्या काकूंना मी आईची गोष्ट सांगितली. त्या माळकरी. म्हणाल्या, “आमच्या आत्याबाईंचं बी असंच झालतं बघ. पोटची पोरं वळखू येत न्हवती, पर हरिपाठात एक शब्द चुकायचा न्हाई.” मग त्या आईचे पाय चेपत बसल्या. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या म्हणण्यातली आपुलकी मला काकूंच्या हातांत दिसली.

पण एक शंका मला पोखरत होती. शब्द आपोआप येतात म्हणजे ती प्रार्थना की नुसता आवाज? आईचं मन त्यात आहे की नाही? बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते बाहेरून ठरवता येत नाही.

उत्तर आईनेच दिलं. आम्ही रोज झोपण्याआधी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो होतो. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली आहे, या अर्थाच्या ओळीपाशी आई थबकायला लागली. आधी वाटलं, दम लागतो. मग पाहिलं की तिथे आल्यावर ती डावा हात उचलून भिंतीकडे दाखवते. भिंतीवर तिच्या माहेरचा जुना फोटो आहे, त्यात दोन वेण्या घातलेल्या दोन मुली. मावशी आणि आई आजोबांच्या शेतावरून कितीतरी वर्षं बोलत नव्हत्या. कुणाचं चुकलं होतं ते मी इथे मांडणार नाही. आईच्या लांबलचक प्रार्थनेत गल्लीतल्या म्हशीलाही जागा असायची, पण मावशीचं नाव मी त्यात कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, “मावशीला बोलवू?” आई म्हणाली, “आता.” आणि त्या वेळी तो शब्द बरोबर होता.

मावशी दुसऱ्याच दिवशी एसटीने आली. दारातच थांबली, चप्पल काढावी की नाही अशी. वहिनीने तिला हाताला धरून आत आणलं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. आईला क्षमा मागता येत नव्हती, आणि करतेय हेही सांगता येत नव्हतं. मावशीला बोलता येत होतं, पण तिला सुचत नव्हतं. शेवटी मावशीनेच 23वं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, रविवारच्या शाळेत म्हणायच्या त्याच चालीत, आणि आईने पुढची ओळ उचलली. एक ओळ हिची, एक तिची. मृत्युछायेच्या दरीपाशी मावशीचा आवाज फुटला, तर आईने तिची ओळही म्हणून टाकली. शत्रूंच्या देखत मांडलेल्या ताटापाशी दोघी हसल्या. का हसल्या ते मला ठाऊक नाही, त्यांचं काही जुनं असेल. मावशी राहिली, रात्री आईच्या शेजारी निजली. शेताचा विषय निघाला नाही, अजूनही निघालेला नाही.

तेव्हापासून रोमकरांच्या पत्राचा आठवा अध्याय मी वेगळ्या मनाने वाचते. पौल तिथे म्हणतो की आम्हांला कसं मागावं ते कळत नाही, पण आत्मा स्वतः आमच्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. हे आधीही अनेकदा वाचलं होतं, पण वाचून पुढे गेले होते. आता त्या कण्हण्याचा आवाज मला ओळखीचा आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मात्र मला फार दिवस पटत नव्हता. दिवसभर उन्हात राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्यांना. नगावर पैसे घेणाऱ्या बाईला हा हिशोब खटकतोच. नाडीचं टोक उसवलेलं निघालं तर आमचा तो नग मजुरीत धरत नाहीत. आईला हा दाखला वाचून दाखवताना पहिल्यांदाच मी स्वतःला सकाळी आलेल्या मजुरांत न धरता मालकाच्या बाजूने ऐकलं. तो संध्याकाळी पुन्हा नाक्यावर जातो, कारण तिथे अजून कुणी उभं आहे, ज्याला दिवसभर कुणी कामाला घेतलं नाही. आईला आता कुणी कामाला घेणार नाही. तिच्याकडून वाचन होत नाही, लोकांच्या नावांनी प्रार्थना होत नाही, चर्चमधल्या महिला मंडळाचं काम होत नाही. आणि तिची भाकर एका तुकड्याने कमी झालेली नाही. कृपा हा शब्द मी जन्मापासून ऐकतेय. तो माझ्यापुरता खरा झाला तो आईच्या खाटेशेजारी. आई जेव्हा तासभर प्रार्थना करायची तेव्हाही ती कृपेनेच उभी होती. तासभराच्या प्रार्थनेमुळे ते आम्हांला दिसत नव्हतं, इतकंच.

भेटायला येणाऱ्यांत एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. त्यांचं म्हणणं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, नाहीतर आई एव्हाना बोलली असती. मी त्यांना पौलाची आठवण करून दिली. देहातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? ते गृहस्थ म्हणाले, पौलाची गोष्ट वेगळी. मला ती वेगळी वाटत नाही. बरं होण्यासाठी आम्ही रोज मागतो, मागणं सोडलेलं नाही, व्यायामही सोडलेले नाहीत. आईला ‘पाणी’ हा शब्द परत आलाय. ‘नको’ आलाय. माझं नाव अजून यायचंय.

शुक्रवारी हल्ली मुलांकडून सुवर्णवचन पाठ करून घेतो. मावशी कोडोलीहून येते तेव्हा ती घेते, आणि ती कडक आहे. शेवटची प्रार्थना आळीपाळीने असते. माझी पाळी आली की मी गल्लीतली नावं घेते, म्हशीपासून सगळी. एखादं राहिलं तर आई बोटाने दाखवते.

रात्रीच्या वाचनात आम्ही सध्या ईयोबाच्या पुस्तकात आहोत. 42 अध्याय, घाई नाही. ईयोबाचे मित्र त्याला समजावायला लागतात, तुझंच काही चुकलं असणार म्हणतात, तिथे आई डावा हात हलवून मला थांबवते आणि ठणकावून म्हणते, “नको.” मी पुढे वाचते, कारण देवही त्यांना शेवटी तेच सांगणार आहे, आणि आईला तो अध्याय ऐकायचाय.