मेसिना : काट्याभोवती जमलेल्या पेशी

सिसिलीतलं एटना, ताओर्मिना, पालेर्मो हे सगळं रीतसर बघून झालं. पण मन रमलं ते मेसिनात, जिथे जुनं फारसं काही उरलेलंच नाही. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे भूकंपाने शहर जमीनदोस्त केलं. आजचे रुंद रस्ते त्यानंतरचे. मला ओढ होती ती किनाऱ्यालगतच्या रिंगो या भागाची. समोर अरुंद सामुद्रधुनी, पलीकडे कालाब्रियाचे डोंगर. १८८२ साली इथेच राहून रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. अळीच्या अंगात फिरणाऱ्या पेशी शत्रूवरही चालून जात असतील, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे अळ्यांना टोचले. अळी काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

या प्रयोगाचं मोल मला त्या अळीत काय नव्हतं यात दिसतं. तिला रक्तवाहिन्याच नसतात. दाह हा रक्तवाहिन्यांचा बिघाड, असं त्या काळचे नामांकित डॉक्टर मानत. पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असंही शिकवलं जाई. पण वाहिन्याच नसताना पेशी जमल्या, म्हणजे त्या आपणहून आल्या. गळवाची लाली, ठणका आणि पू ही मुळात शरीराच्या बचावाची खूण ठरते. पू हा बराचसा लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच असतो.

यावर आक्षेप आला तो वजनदार होता. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिलं की प्रतिकारशक्ती पेशीविरहित रक्तद्रवातूनही दुसऱ्या प्राण्याला देता येते. मग खरं काम त्या द्रवातल्या अँटीबॉडींचं, पेशी नुसत्या सफाई कामगार! हे मला पटत नाही. काही मुलांत जन्मतःच भक्षकपेशी, म्हणजे या पांढऱ्या पेशी, जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत. अशा मुलांच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर असूनही फुप्फुसात, यकृतात पुन्हापुन्हा गळवं होतात. अँटीबॉडी विषाला निष्प्रभ करते हे खरंच. पण अनेक जंतूंच्या बाबतीत ती त्यांना चिकटून फक्त खूण करते, गिळून मारणं पेशीलाच करावं लागतं. १९०८ चं नोबेल मेच्निकोव्ह आणि अँटीबॉडीवाला एर्लिख यांना विभागून मिळालं, ते योग्यच झालं.

पेशी आणि अँटीबॉडी यांची ही जोडी लशीतही दिसते. ओदेसात मेच्निकोव्हकडे शिकलेल्या हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या लसीत मेलेले जंतू होते. असे जंतू टोचले की भक्षकपेशींच्या गोतावळ्यातल्या काही पेशी ते गिळतात, त्यांचे तुकडे लसीका ग्रंथीत नेऊन तिथल्या पेशींना दाखवतात, आणि त्यानंतर कुठे नेमक्या अँटीबॉडी तयार व्हायला लागतात.