गोष्टीतला भूतकाळ

फ्रान्समधील एखाद्या घरात रात्रीची जेवणे आटोपल्यावर आई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला विचारते, "आज शाळेत काय काय केलेस?" मुलगी सांगू लागते. चित्र काढले, मैत्रिणीशी भांडण झाले, दुपारी पाऊस आला. घडून गेलेल्या ह्या प्रत्येक गोष्टीसाठी ती क्रियापदाचे एकच रूप वापरते. ते रूप दोन शब्दांचे असते. एक साहाय्यक क्रियापद आणि त्याच्या जोडीला एक धातुसाधित. मराठीतील 'काढले आहे', 'आला आहे' ह्यांच्यासारखी त्याची घडण. मग दिवा मंद होतो. आई शार्ल पेरोच्या, 1697 साली छापलेल्या जुन्या गोष्टींचे पुस्तक उघडते. तांबड्या टोपीची मुलगी रानात शिरते, आणि शिरताक्षणीच आईच्या तोंडची क्रियापदे पालटतात. दोन शब्दांच्या जागी एक शब्द येतो. दिवसभरात घरात, बाजारात, आगगाडीत कोणीही न उच्चारलेली ती रूपे असतात. पण मुलगी दचकत नाही. ही रूपे ऐकू आली की गोष्ट सुरू झाली, एवढे तिला केव्हाच उमगलेले असते.

फ्रेंच व्याकरणात ह्या काळाला 'साधा भूतकाळ' असे नाव आहे. तो एका शब्दाचा म्हणून साधा. शिकणाऱ्याला मात्र साधेपणाचा अनुभव क्वचितच येतो. 'गाणे' ह्या अर्थाचा 'शाँते' हा धातू घेतला, तर 'मी गायलो' म्हणजे 'शाँते', 'तू गायलास' म्हणजे 'शाँता', 'तो गायला' म्हणजेही 'शाँता', 'आम्ही गायलो' हे 'शाँताम', 'तुम्ही गायलात' हे 'शाँतात' आणि 'ते गायले' हे 'शाँतेर'. बहुसंख्य धातू ह्याच वाटेने जातात. उरलेल्यांपैकी काही 'ई'काराचा आश्रय करतात, काही ओठ गोल करून उच्चारायच्या 'यू'चा. आणि 'येणे', 'धरून ठेवणे' असे मोजके धातू 'व्हँ', 'तँ' असे नाकात बोलतात. 'असणे' ह्या धातूचे 'फ्यू' होते. मूळ धातूशी त्याचा चेहरा कोठेच जुळत नाही. 'व्ही' ह्या रूपाची तर मौजच आहे. 'त्याने पाहिले' असाही त्याचा अर्थ होतो आणि 'तो जगतो' असाही. एक भूतकाळ, एक वर्तमानकाळ. दोन्हींचे स्पेलिंग अक्षरशः सारखे. वाक्य पुढे गेल्यावाचून त्याने पाहिले की तो जगतो आहे, हे कळायचे नाही.

'शाँताम' आणि 'शाँतात' ह्यांच्या 'आ'वर लिहिताना एक टोपी चढवावी लागते. तिचा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'तुम्ही'च्या रूपात पूर्वी एक 'स' होता. तो उच्चारातून गळाला आणि त्याची खूण म्हणून टोपी राहिली. 'आम्ही'च्या रूपात मात्र असा 'स' मूळचा नव्हताच. त्याने शेजाऱ्याचे पाहून टोपी घातली. 1990 साली फ्रेंच शुद्धलेखनात सुधारणा सुचवण्यात आल्या आणि 'ई' व 'यू' ह्यांवरील कितीतरी टोप्या ऐच्छिक ठरल्या. साध्या भूतकाळाच्या टोपीला तेव्हाही कोणी हात लावला नाही, उसन्या टोपीलासुद्धा नाही.

हा काळ पूर्वी बोलण्यातही होता. तेव्हा दोन्ही भूतकाळांनी आपापली कामे वाटून घेतली होती. आज घडलेले दोन शब्दांच्या रूपाने सांगावे; काल किंवा त्याआधी घडलेले एका शब्दाच्या. 1660 साली निघालेल्या पोर्-रॉयालच्या व्याकरणात हा नियम सांगितलेला आहे. त्याच्याही आधी, 1637 साली, कोर्नेय ह्या नाटककाराच्या 'ल सीद' नाटकावर वाद माजला, तेव्हा नव्याने स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने त्यातील एका ओळीवर नेमके ह्याच कारणावरून बोट ठेवले. नाटकातील सरदार एका वृद्ध वीराचा अपमान करतो आणि थोड्याच वेळाने त्याविषयी बोलताना साधा भूतकाळ वापरतो. अकादमीचे म्हणणे असे की, मध्ये रात्र गेलेली नाही. तेव्हा हे रूप येथे चालायचे नाही. कोर्नेयने पुढे ती ओळ बदलली.

संस्कृत शिकलेल्यास हा नियम परका वाटणार नाही. पाणिनीने 'लङ्' लकार सांगितला तो अनद्यतन, म्हणजे आजच्या नसलेल्या, भूतकाळासाठी. बोलणारा आणि घडलेली गोष्ट ह्यांच्यामध्ये एक रात्र असावी, ही अट दोन दूरदेशीच्या व्याकरणांनी एकमेकांना न विचारता घातली. अट टिकली मात्र दोन्हीकडे नाही. पुढच्या संस्कृतात हे भेद पुसट झाले. प्राकृतांत तर 'अगच्छत्'सारखी रूपे जवळजवळ नाहीशी होऊन 'गत' ह्या धातुसाधितावर सगळा भार आला. त्या 'गत'च्या वंशात मराठीचा 'गेला' जन्मला. म्हणून तर मराठीत 'तो गेला' आणि 'ती गेली' असा लिंगभेद आहे. 'अगच्छत्'ला तो ठाऊक नव्हता. फ्रेंचमध्येही तसेच. लॅटिनमधून थेट उतरलेले साधे रूप स्त्री-पुरुष पाहत नाही. बोलण्यातील दोन शब्दांचे रूप 'जाणे'सारख्या क्रियापदांत निदान लिहिताना तरी पाहते. मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक हे फ्रेंच पंडित होते. मराठीच्या पूर्वजांनी जे फार पूर्वी केले, तेच आपल्या मातृभाषेत चाललेले त्यांना दिसत असले पाहिजे.

बोलण्यातून हा काळ हळूहळू गेला. तरी अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातील नोव्हा स्कोशियात, सेंट मेरी उपसागराच्या काठी फ्रेंच वंशाच्या अकाडियन लोकांची गावे आहेत. तेथील बोलीत तो टिकून राहिला. पुस्तकातील चार वाटा मात्र त्या लोकांनी ठेवल्या नाहीत. 'शाँते'लाही त्यांनी 'ई'च्या वाटेला लावले आणि 'शाँती' करून टाकले. पॅरिसच्या पंडिताला ती चूक वाटेल. पण काळ जिवंत ठेवला तो त्यांनी.

फ्रान्समध्ये तो राहिला पुस्तकात. एमिल बँव्हनिस्त ह्या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली एका लेखात त्याचे मर्म सांगितले. साध्या भूतकाळात कोणी कोणाशी बोलत नसते. घटनाच जणू आपण होऊन एकामागून एक पुढे येतात. आल्बेर काम्यूने 1942 साली 'परका' ह्या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या नायकाची सारी हकीकत बोलण्यातील भूतकाळात घातली, तेव्हा वाचक चमकले ते ह्यामुळेच. पुस्तकातील मनुष्य शेजारी बसून बोलू लागला होता. मराठी वाचकालाही असा काळ परिचित आहे. 'राजा रोज शिकारीला जाई, राणी वाट पाही,' असे आजी गोष्टीत सांगते. तीच आजी शेजारणीशी बोलताना 'आमचे हे रोज फिरायला जायचे' असे म्हणते. 'जाई' आणि 'पाही' अंगणात ऐकू येत नाहीत. गोष्टीत नसले तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

बोलण्यात नसलेला काळ मुलांना शिकवावा कशाला, असा प्रश्न फ्रान्समध्ये वेळोवेळी निघतो, आणि तो पोकळ नाही. 2016 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत तृतीय पुरुषाच्या रूपांवरच भर दिला. 'आम्ही' आणि 'तुम्ही' ह्यांची टोपीवाली रूपे पुस्तकांतही फार विरळ. त्यांच्या घोकंपट्टीत मुलांचे तास का घालवावेत, हा विचार त्यामागे होता. त्यावर मोठा वाद झाला. त्याच्या काही वर्षे आधी एनिड ब्लायटनच्या चार साहसी मुलांच्या आणि त्यांच्या कुत्र्याच्या कथांचे जुने फ्रेंच अनुवाद नव्या आवृत्तीत निघाले, तेव्हा त्यांतील साधा भूतकाळ काढून सर्वत्र वर्तमानकाळ घालण्यात आला होता. ज्या आईबापांनी लहानपणी ती पुस्तके वाचली होती, त्यांना ते खटकले.

तक्त्यांची घोकंपट्टी कमी झाली, तर कोणाचे फारसे बिघडणार नाही. पण ज्या घरात रात्री कोणी गोष्ट वाचत नाही, तेथील मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. आई दमून उशिरा येते, घरात पुस्तक नाही, किंवा घरची भाषाच दुसरी आहे. अशा मुलाला 'फ्यू' आणि 'व्ही' प्रथम भेटणार ते शाळेत. शाळेनेही ते वगळले, तर पेरो, ह्यूगो, झ्यूल व्हेर्न ह्यांच्या पानांवर त्याला दर ओळीला अडखळावे लागेल, आणि आपले कोठे अडते हे त्याला सांगताही येणार नाही. शेजारच्या घरातील मुलाला मात्र काही न शिकवता ते सारे येत असेल.

ज्यांच्या कानावर गोष्टी पडल्या आहेत, ती मुले चुकतातही मोठ्या डौलाने. 'घेणे' ह्या धातूचे 'प्री' व्हावयाचे असते. मराठी मूल 'केले' म्हणायचे ते 'करले' म्हणते, तसे फ्रेंच मूल 'शाँता'च्या चालीवर 'प्रना' म्हणून मोकळे होते. असे रूप कोणत्याही पुस्तकात नाही. ते मुलाने स्वतः घडवलेले असते. गोष्ट ऐकता ऐकता मुलगी मध्येच उठून बसते आणि पुढचे आपणच सांगू लागते. लांडग्याने जवळची वाट घेतली, हे सांगताना ती 'प्रना' म्हणते. आई हसून 'प्री' म्हणते. मुलगी एकदा 'प्री' म्हणून पाहते आणि घाईने पुढे जाते. लांडगा अजून आजीच्या दाराशी पोचावयाचा असतो.