पदपथावरची खुर्ची

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. युरोपातील हे एक जुने आणि देखणे शहर आहे. मोझार्ट आणि बेथोव्हन हे थोर संगीतकार येथे राहिले. त्यामुळे संगीताचे शहर म्हणून व्हिएन्नाची ख्याती आहे. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. ती म्हणजे तेथील कॉफीगृहे. उन्हाळा आला, की ही कॉफीगृहे चार भिंतींत मावत नाहीत. टेबले आणि खुर्च्या घेऊन ती सरळ रस्त्यावर येतात.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तेथे राहतो. "आपा, एकदा तरी या," असा त्याचा आग्रह होता. शेवटी एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले. मे महिना संपत आला होता. आपल्याकडे उन्हाने जीव नकोसा झाला होता. तिकडे मात्र लोक उन्हासाठी आसुसलेले दिसले. हिवाळ्यात तेथे दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो. जूनमध्ये मात्र रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. म्हणून जो तो खुर्ची उन्हाकडे वळवून बसतो. आपण सावली शोधतो, ते ऊन शोधतात!

पहिल्या दिवशी भाऊ मला ग्राबेन नावाच्या रस्त्यावर घेऊन गेला. हा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. मोठमोठ्या छत्र्यांखाली लहान लहान टेबले मांडलेली होती. अशा उघड्यावरच्या बैठकीला तेथे 'शानीगार्टन' म्हणतात. 'गार्टन' म्हणजे बाग. 'शानी' हे योहान या नावाचे घरगुती रूप. अठराव्या शतकाच्या मध्यास तारोने नावाच्या एका कॉफीवाल्याला याच रस्त्यावर टेबले मांडण्याची परवानगी मिळाली होती. तेव्हापासून ही प्रथा चालत आली, असे सांगतात.

मुलांनो, कॉफीचा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही 'कहवा' लिहिता ना? तोच हा शब्द. तो मूळचा अरबी. येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी कहवा पीत. पुढे हे पेय मक्का, कैरो आणि इस्तंबूलपर्यंत पोहोचले. तुर्कांनी त्याला 'काहवे' म्हटले आणि युरोपात त्याचे 'काफे' झाले. १६८३ साली तुर्कांच्या फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला होता. वेढा उठल्यावर मागे राहिलेल्या पोत्यांत कॉफी सापडली, अशी एक गोष्ट तेथे मोठ्या आवडीने सांगतात. ही झाली लोककथा. इतिहासात नोंद आहे ती योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याची. १६८५ साली त्याला शहरात कॉफी विकण्याचा परवाना मिळाला. आपल्या देशात कॉफीचे बी बाबा बुदन या सूफी संताने येमेनहून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावले, अशी परंपरा आहे. एकाच बीचा प्रवास कुठून कुठे झाला पाहा!

दुसऱ्या दिवसापासून भाऊ कामावर जाऊ लागला. "आपा, घरात बसू नका. गल्लीच्या टोकाला कॉफीगृह आहे, तेथे जाऊन बसा," असे तो म्हणाला. हे सांगणे सोपे होते. पण माझे पाय अडखळत होते.

याचे कारण सांगते. माझ्या गावात एस. टी. स्टँडसमोर एक हॉटेल आहे. पुढच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून पुरुष बसतात. चहा पितात, वर्तमानपत्र वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात. आम्ही बायका कधी गेलोच, तर पडद्यामागच्या 'फॅमिली रूम'मध्ये बसतो. तेही घरचे कोणी सोबत असेल तरच. माझे वय पस्तीस झाले होते. बी. एड. होऊन बारा वर्षे मी शाळेत शिकवत होते. पण रस्त्याकडे तोंड करून एकटीने मी कधी चहा प्यायले नव्हते. मला कोणी मनाई केली होती असे नाही. तशी रीतच नव्हती.

शेवटी मी गेले आणि एका झाडाखालच्या खुर्चीवर बसले. काळा पोशाख केलेला प्रौढ वेटर आला. मी 'मेलांज' मागवली. मेलांज म्हणजे दूध घातलेली, वर फेस असलेली कॉफी. एका छोट्या तबकात त्याने कॉफीचा कप आणला. शेजारी पाण्याचा पेला होता आणि पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला होता. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे एकदा पाहिले. मग हसून मान लववली आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले.

मी कॉफी संपवली. आता उठावे लागेल, असे मला वाटले. तेवढ्यात वेटर आला. त्याने रिकामा पेला उचलला आणि भरलेला ठेवला. तो काही बोलला नाही. आपण मागितल्याशिवाय तेथे बिल आणत नाहीत. न मागता बिल ठेवणे म्हणजे "आता उठा" असे सांगणे. ते असभ्य समजतात. मी तेथे दीड तास बसले. अम्मीला पत्र लिहिले. टेबलावर केकचा चुरा पडला होता. तो टिपायला चिमण्या आल्या. त्या मात्र अगदी आपल्याकडच्यासारख्याच धीट होत्या!

त्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. व्हिएन्नाचे पाणी दूरच्या आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे आहे. पहिली जलवाहिनी १८७३ साली आणि दुसरी १९१० साली सुरू झाली. डोंगर उंच आणि शहर सखल. त्यामुळे पंपाशिवाय, केवळ उताराने पाणी शहरापर्यंत येते. असे गार, गोड पाणी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ठेवण्यात तेथील लोकांना अभिमान वाटतो.

पण सारे पहिल्यापासून असेच नव्हते. या कॉफीगृहांत फार वर्षे फक्त पुरुष गिऱ्हाइकेच बसत. स्त्री दिसे ती गल्ल्यावर पैसे घेणारी. गिऱ्हाईक म्हणून स्त्रियांना खुर्ची मिळाली, ती एकोणिसाव्या शतकात. हे भावाकडून कळले, तेव्हा मला फार बरे वाटले. म्हणजे त्या आजीबाईंची खुर्चीसुद्धा कोणी तरी आधी मिळवलेली होती. रीत आकाशातून पडत नाही. माणसेच ती घालतात आणि माणसेच ती बदलतात.

या बैठकीला नियमही आहेत. पदपथ सर्वांचा असतो. म्हणून कॉफीगृहाच्या मालकाला त्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि पैसे भरावे लागतात. चालणाऱ्यांसाठी वाट मोकळी सोडावी लागते. २०११ साली व्हिएन्नाच्या कॉफीगृह संस्कृतीला ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. एक म्हणजे सिगारेटचा धूर. दुसरी म्हणजे किंमत. तेव्हा एका कपाला आपले चारशे-पाचशे रुपये पडत होते! तेवढे पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्याला बागेतल्या बाकावरच बसावे लागते. म्हणून मीही रोज गेले नाही. तीन आठवड्यांत पाच वेळा गेले. पण पाचव्या वेळी माझे पाय अडखळले नाहीत.

जूनच्या मध्यास शाळा सुरू झाली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दोन सहकारी शिक्षिकांना घेऊन स्टँडसमोरच्या हॉटेलात गेले.

"बाई, आत फॅमिली रूम आहे," मालक म्हणाले.

"इथेच बरे आहे, चाचा. वारा येतो," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग फडक्याने टेबल पुसले आणि न मागता पाण्याचे तीन पेले आणून ठेवले. ही रीत आपल्याकडेही आहेच की! चहा येईपर्यंत आजूबाजूच्या चार-पाच जणांनी वळून पाहिले. पुढच्या शनिवारी दोघांनीच पाहिले. आता आम्ही जाऊन बसलो, की चाचा फक्त एवढेच विचारतात, "बाई, साखर कमी ना?"