व्हरांड्यातली दोरी

हिरवी, नायलॉनची, आठवडेबाजारात वजनावर मिळते तसली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं व्हरांड्याच्या खांबाला. तिच्यावर पुस्तकं वाळत घातलेली असतात. जिल्हा परिषदेच्या या चौथीपर्यंतच्या शाळेत ग्रंथालयाची खोली नाही, ग्रंथपाल तर नाहीच. आहे ती ही दोरी.

स्वभावाने ती आखडू नाही, पण तिच्या आवडीनिवडी ठाम आहेत. जाडजूड पुस्तक टाकलं की मधोमध पोट सोडते आणि आजूबाजूची सगळी पुस्तकं त्याच्या अंगावर घसरत येतात. तिला मानवतात ती मधोमध पिना मारलेली, सोळा-चोवीस पानांची चित्रपुस्तकं. माधुरी पुरंदऱ्यांच्या 'राधाचं घर'ची छोटी छोटी पुस्तकं ती आनंदाने अंगाखांद्यावर खेळवते. बालभारतीच्या 'किशोर'चा नेहमीचा अंक पेलते, दिवाळी अंकाला मात्र हात जोडते. चिकट बांधणीच्या पुस्तकाची तिच्यावर पाठ मोडते, म्हणून त्याला कपड्यांचे दोन चिमटे.

पुस्तक मधोमध उघडून टांगलं की मुखपृष्ठ अंगणाकडे येतं आणि मलपृष्ठ वर्गाकडे. मधली पानं फक्त खालून दिसतात. पहिलीतली पोरं दोरीखाली उकिडवी बसतात, मान वर करून आत डोकावतात. आत वाघ विहिरीत पडलेला असतो. तो तिथे पडला कसा आणि आता वर येणार कसा, हे कळायचं तर पुस्तक खाली काढण्यावाचून गत्यंतर नाही. गोष्ट पहिल्या पानापासून सुरू होते हा आपला मोठ्यांचा समज. या शाळेत ती बरेचदा मधूनच सुरू होते.

आधी दोरी मोठ्यांच्या हाताला येईल अशी बांधली होती. दिसायला छान, फोटोला तर फारच छान. मग बाईंनी पहिलीतल्या सगळ्यांत बुटक्या मुलीला हात वर करायला सांगितला आणि तिच्या बोटांच्या खाली गाठ मारली. माझ्या मते या शाळेतला वाचनाचा सगळ्यात महत्त्वाचा उपक्रम तोच. बाकीचे त्यानंतरचे.

तिच्या खानदानात एक साखळीही आहे. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने फळीला जखडलेली असत; इंग्लंडमधल्या हेरेफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय आजही बघायला मिळतं. साखळी मुखपृष्ठाच्या कडेला अडकवलेली, त्यामुळे पुस्तकाची पाठ आत आणि पानांची कड बाहेर. पुस्तकं ढीगभर समोर, पण कुठलं कोणतं ते नुसतं बघून कळायचं नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलं पुस्तकाच्या वापराचं, आणि ते समजावून सांगताना त्यांना या साखळ्यांचीच आठवण झाली होती. दोरीला शोभणारी नातलग म्हणजे बडोद्याची फिरती पेटी. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने उठावं आणि चालू लागावं, हा त्या घराण्याचा खाक्या.

साखळीचा स्वभाव आता लोखंडी कपाटात उतरला आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे ते उभं असतं. १९८७च्या खडू-फळा मोहिमेपासून आलेली पुस्तकं त्यात असतात. शिक्षण हक्क कायद्यानेही प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत असं लिहून ठेवलंय. पण पुस्तकाची नोंद एकदा नोंदवहीत झाली की ते टेबल-खुर्चीच्या पंगतीला जाऊन बसतं. हरवलं तर तपासणीत उत्तर द्यायचं कुणी? त्यापेक्षा कुलूप बरं. असं करणाऱ्या गुरुजींना मी नावं ठेवणार नाही. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारणारे पुष्कळ, न वाचलेल्या पुस्तकाचा विचारणारा कुणीच नाही. इथल्या बाईंनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडला, की फाटलेली पुस्तकं दरवर्षी रीतसर निर्लेखित करायची आणि त्यासाठी पोराला रागवायचं नाही. ते कलम कागदावर आलं तेव्हा कुठे दोरीवर पुस्तकं आली.

देवघेवीची वही ग्रंथमंत्र्याकडे असते. शालेय मंत्रिमंडळातलं हे खातं पूर्वी कुणी मागत नसे, सगळ्यांना क्रीडामंत्रीच व्हायचं असायचं. नाव, पुस्तक, तारीख. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी सहीच्या जागी आपलं चित्र काढायचं. वहीत म्हणून एक मासा आहे, एक ट्रॅक्टर आहे. एका सूर्याकडे तीन आठवड्यांपासून पुस्तक थकलंय.

शनिवारी दप्तर नसतं. त्या दिवशी दोरीवर काही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून लावतात, वर तीनच शब्द: आजी, चोर, भोपळा. बाई मोठ्याने गोष्ट वाचतात आणि ऐन रंगात आली की थांबतात, पुस्तक दोरीवर टाकून देतात. मग व्हरांड्यात जी झुंबड उडते तिला शिस्त लावण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत. वाचून झालं की वाटलं तर चिठ्ठी लिहून चिमट्याला अडकवायची. 'भूत खोटं आहे.' 'कुत्रा मरतो, बघून घ्या.' एकाने तर 'बोअर' एवढंच लिहिलं होतं. बाईंनी चिठ्ठी काढली नाही. पुढे ते पुस्तक दोरीवर टिकेना. किती बोअर आहे हे प्रत्येकाला स्वतःच बघायचं होतं. सारांश मात्र कुणाकडूनच लिहून घेत नाहीत. पुस्तक वाचलं म्हणून गृहपाठ वाढणार असेल तर शहाणं मूल वाचेल कशाला?

दोरीला राग एकाच दिवसाचा. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांची जयंती, दिवस चांगलाच आहे, २०१५पासून राज्यभर पाळला जातो. पण त्या दिवशी ठिकठिकाणी अशा दोऱ्या बांधल्या जातात, फुगे लागतात, मुलं उलटंसुलटं पुस्तक धरून बसतात, फोटो वर पाठवले जातात आणि १६ तारखेला त्याच दोरीवर फडकी वाळत पडतात. इथली दोरी तशी फक्त जूनमध्ये सुटते. पावसाची झड व्हरांड्यात यायला लागली, मुखपृष्ठांच्या कडा वळायला लागल्या, की ती वर्गात खिडकी ते खिडकी जाते आणि फळ्यावरचं अर्धं दिसेनासं होतं. त्याबद्दल मागच्या बाकांवरून अद्याप तक्रार आलेली नाही.

तिची खरी अडचण वेगळीच आहे. चौथीतल्या पाचसहा जणांची तिच्यावरची पुस्तकं दोन-दोनदा वाचून झाली. त्यांना आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवाय, साने गुरुजी हवेत, आणि ही पुस्तकं तिला पेलत नाहीत. "बाई, कपाटात बघू का?" अशी भुणभुण सुरू झाली. बाईंनी किल्ली दिली. कुलूप इतक्या वर्षांत गंजलेलं, खोबरेल तेल घालून उघडावं लागलं. किल्ली तेव्हापासून ग्रंथमंत्र्याच्या गळ्यातल्या नाडीत असते, आणि मुख्याध्यापकांना पगारपत्रकाची फाईल हवी असली की त्याला वर्गातून बोलावून आणावं लागतं.