मार्फत ५६ एपीओ

सैनिकाला पत्र पाठवताना पाकिटावर गावाचं नाव लिहायचं नसतं. लष्करी नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’, एवढाच पत्ता. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्याखाली नऊच्या आकड्याने सुरू होणारा पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन पद्धत सुरू झाली, तेव्हा देशाचे आठ विभाग भूगोल पाहून पाडले गेले आणि नववा लष्करासाठी राखला गेला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी. संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या त्या नवव्या विभागाला नकाशावर जागा नाही. जवान लेहला असो, ईशान्येच्या जंगलात असो की दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून उभा असो, घरच्यांनी लिहायचा पत्ता याच पठडीतला.

मी टपाल खात्यातला. लष्करी टपाल सेवेत आमच्या खात्यातली माणसं डेप्युटेशनवर जातात, वर्दी चढवतात आणि मुदत संपली की पुन्हा आपल्या काउंटरवर येऊन बसतात. तसा मीही गेलो आणि परतल्यावर वणी तालुक्यातल्या राजूरला पोस्ट सांभाळलं. सैनिकाच्या पत्राची दोन्ही टोकं मला पाहायला मिळाली. तिकडे टपालाची थैली फोडून पत्रं कंपनीवार लावायची. इकडे तेच निळं आंतर्देशीय एखाद्या माउलीच्या हातात द्यायचं आणि बऱ्याचदा वाचूनही दाखवायचं. या दोन टोकांच्या मध्ये जे सांगितलं जातं आणि जे लपवलं जातं, त्याविषयी मला बोलायचं आहे.

राजूर म्हणजे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. पोटासाठी घर सोडणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं इथे खाणीत आणि भट्टीवर राबली. पगाराच्या आठवड्यात मनीऑर्डरचे फॉर्म भरून घ्यायला खिडकीशी रांग लागायची. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी थोडी मोकळी जागा असे, त्यात अख्खा संसार बसवायचा. त्याच रांगेत सैनिकाची आईही असायची. तिचा पैसा मात्र उलट्या दिशेने, मुलाकडून घराकडे यायचा.

हिंदुस्थानी फौज परमुलखात गेली की टपाल कचेरी तिच्याबरोबर जाते, हा रिवाज जुना आहे. १८५६ मध्ये इराणवरच्या मोहिमेत बुशहरला फौजेबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस गेलं होतं. पहिल्या महायुद्धात २६ सप्टेंबर १९१४ रोजी आपले शिपाई फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरले, तेव्हाही टपालाची माणसं सोबत होती. त्या काळच्या फील्ड पोस्टातल्या भारतीय तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरं छापलेली असत. १९१५ च्या सुरुवातीला फ्रान्समधले हिंदुस्थानी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, गावी वाचून दाखवणारा तिसरा आणि ऐकायला सगळी आळी. या सगळ्यांच्या मध्ये सरकारी सेन्सॉर. कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखालची कचेरी पत्रं फोडून वाचायची आणि त्यांतल्या उताऱ्यांची भाषांतरं वरिष्ठांना पाठवायची. ते उतारे लंडनला जपून ठेवलेले आहेत.

शिपायांनीही त्यावर तोड काढली होती. हिंदुस्थानी फौज खर्ची पडली, आता गोरे शिपाई पुढे येत आहेत, हे उघड लिहिता येत नव्हतं. मग काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे, असं लिहून जायचं. घरच्यांना बरोबर कळायचं. त्याच पत्रांत फ्रान्समधली शेती, तिथल्या गायी, पुरुष लढाईवर गेल्यावर नांगर धरणाऱ्या बायका, शिकलेल्या मुली यांचीही वर्णनं आहेत. वर्दीतला शेतकरी परक्या मुलखातही आधी शिवार बघतो. अलीकडच्या काळातही हेच दिसतं. दक्षिण लेबनॉनमध्ये १९९८ मध्ये भारतीय बटालियन तैनात झाली. निरीक्षण चौकीवरचा पहारा, इस्रायल आणि लेबनॉनमधल्या निळ्या रेषेलगतची गस्त, गावकऱ्यांसाठी दवाखाना आणि त्यांच्या जनावरांवर उपचार, असा तिथला दिनक्रम. तिथून विदर्भात आलेल्या पत्रांतही ऑलिव्हची झाडं, शेळ्यांची जात आणि पावसाचं मान हेच आधी यायचं. मग प्रश्न सुरू व्हायचे: पऱ्हाटी कशी आहे, सीतादही केली का, पोळ्याला बैल कुणी सजवले.

मराठा पलटणींच्या वाट्याला पहिल्या महायुद्धात मुख्यतः मेसोपोटेमिया आला. बसऱ्याहून बगदादच्या रोखाने गेलेल्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे तिला तुर्कांनी वेढलं. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, तोवर अन्नाचे हाल झाले होते. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते आणि त्यांतले कित्येक पुढे कैदेत मेले. सातारा, रत्नागिरीकडच्या घरांनी त्या काळात काय सोसलं असेल, हे टपालवाल्याला चटकन उमजतं. वाईट बातमी आली तर माणूस रडून मोकळा होतो. काहीच आलं नाही तर तो पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतो आणि त्या बसण्याला अंत नसतो.

स्वतंत्र भारताची फौज लढाई थांबवायला परदेशी गेली, तेव्हाही टपाल मागोमाग गेलं. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी भारताचं संरक्षक दल गेलं. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकाला आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत तंबूतल्या टपाल कचेरीत जी तिकिटं मिळत, त्यांवर नागरी अक्षरांत छापलेलं होतं: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. नऊ पैच्या तिकिटावर आपल्या घारापुरीची त्रिमूर्ती होती. आण्या-पैंत पैसे मोजायचे, देशातल्या दराने तिकीट लावायचं आणि पत्र टाकायचं. पुढे काँगोसाठी आणि गाझासाठीही अशी खास छापाची तिकिटं निघाली. हजारो मैलांवरच्या जवानाचं पत्र देशातल्याच दराने घरी पोचावं, यात राज्यकर्त्यांची मोठी समज दिसते. घराशी बोलणं त्याला महाग पडू नये, हे त्यामागचं तत्त्व.

सेन्सॉर गावाचं नाव खोडतो, पलटणीची हालचाल खोडतो. पण माझ्या अनुभवात याहून कडक सेन्सॉर घरात बसलेला असतो. राजूरला मोबाइल घरोघर यायच्या आधीची गोष्ट. एका खाण कामगाराचा मुलगा लेबनॉनला होता. बाप छातीच्या दुखण्याने दवाखान्यात भरती झाला आणि माय पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आली. पोळा झाला, गाय व्याली, बहिणीला स्थळ आलं, असं सगळं तिने सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “मास्तर, बाबाचं काही लिहू नका जी. पोट्ट्याले तिकडं झोप नाही लागणार.” मी तिला थोडा वेळ बसवलं. तिकडच्या चौकीत मी पाहिलं होतं ते सांगितलं: घरच्या पत्रात दर वेळी असणारं एखादं नाव गाळलं गेलं, की जवानाच्या ते लगेच ध्यानात येतं. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर तो तेच पत्र पुनःपुन्हा काढून वाचतो आणि जे लिहिलेलं नाही ते मनाने भरत जातो. मनाने भरलेलं खऱ्यापेक्षा नेहमी भयंकर असतं. अखेर ती तयार झाली. दवाखाना कुठला, डॉक्टर काय म्हणाले, रात्री उशाशी कोण असतं, औषधाचा खर्च कसा भागतो, हे सगळं आम्ही लिहिलं. मुलाचं उत्तर आलं ते बापाच्या नावे होतं. त्यात स्वतःच्या चौकीवरच्या एका अवघड रात्रीचा उल्लेख होता. तोवर त्याने घरी असं काही कधी कळवलं नव्हतं. घराने खरं सांगितलं, तेव्हा त्यालाही खरं सांगायची मुभा मिळाली.

घरातल्या या लपवाछपवीची दुसरी बाजू तारेत दिसायची. ‘मदर सिरियस, कम सून’ ही तार लष्करात इतकी आली, की खऱ्या आजारपणाची तारही तपासून घेण्याची वेळ आली. कुणाला भावाचं लग्न गाठायचं होतं, कुणाच्या बांधाचा तंटा होता. त्या सोयीच्या खोट्याची किंमत भलत्याच घराने मोजली: खरोखर आई अंथरुणाला खिळलेल्या जवानाच्या रजेआधी चौकशीचे कागद फिरू लागले. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. सोयीचं खोटं सांगायची ती सवय अजून गेलेली नाही.

आता व्हिडिओ कॉल आहे. आईला मुलगा दिसतो, मुलीला बाप दिसतो. याचं मोल मी कमी लेखत नाही. पण पत्राला लागणारे दिवस हेही घराचं संरक्षण होतं. राग शांत व्हायचा, मगच शाई कागदावर उतरायची. आज दिराशी भांडण झालं की पाचव्या मिनिटाला ते पहाऱ्यावर निघालेल्या माणसाच्या कानात जातं. हातात रायफल, डोक्यात बांध. तो तिथून काहीच करू शकत नाही आणि घरच्यांना वाटतं, त्याला सांगितलं म्हणजे काम झालं. खरं काम इथे करायचं असतं. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे अर्ज द्यावा. जवानाचा कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतो. त्यासाठी सगळे कागद जवानाकडे पाठवावेत. युद्धात किंवा तशा खास परिस्थितीत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत दावा चालू नये म्हणून १९२५ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्या वकिलाला तो दाखवावा. या तीन गोष्टी माहीत असलेल्या घरातला जवान निश्चिंत झोपतो.

ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. खरं सांगा, पूर्ण सांगा आणि शांतपणे सांगा. आजारपण सांगाल तेव्हा इलाजही सांगा. भांडण सांगाल तेव्हा ते मिटवायला काय केलं तेही सांगा. जुनी पत्रं असतील तर पाकिटासकट ठेवा, कारण फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख पाकिटावरच असते आणि तो माणूस केव्हा कुठे होता, याचा तोच पुरावा आहे. आणि या दिवाळीला फोन तर कराच, पण चार ओळी हाताने लिहूनही पाठवा. युनिटचा पत्ता आणि पिन कोड त्याच्याकडून नीट विचारून घ्या. गावाचं नाव लिहू नका. पत्र बरोबर पोचतं.