उलट्या दिशेचा रविवार

पुण्यातल्या आयटीवाल्याने वीकेंडला बाईक बाहेर काढली की ती आपोआप पश्चिमेला वळते. ताम्हिणी, मुळशी, लोणावळा, फारच उत्साह असेल तर दिवेआगर. डोंगर, धबधबे, समुद्र सगळं तिकडेच आहे, मान्य! पण गेली पाच वर्षं तिकडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून मला वीट आलाय. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि रूममेटने ठरवलं, उलटं जायचं. मुळा-मुठा जाते तिकडे.

ती जाते कुठे, हे जरा ऑफिसात विचारून बघा. संगम पूल सगळ्यांना माहीत असतो, बंडगार्डनही. पुढे? शांतता.

आम्ही वाघोलीहून केसनंद, मग वाडेबोल्हाई असं निघालो. (ही तीच बोल्हाई, जिच्यामुळे पुण्यात 'बोल्हाईचे मटण' अशा पाट्या दिसतात. तिचे भक्त बोकड खात नाहीत, मेंढी चालते.) तिथून राहू. पुण्यापासून साधारण ४०-४५ किलोमीटर, तालुका दौंड. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा, म्हणून या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. भीमेपलीकडे शिरूर तालुका. पुढे रांजणगाव सांडसला (गणपतीचं रांजणगाव वेगळं हं!) दोन्ही नद्या एक होतात.

नजर जाईल तिथवर ऊस आणि मध्येमध्ये गुऱ्हाळांचा धूर. एका गुऱ्हाळावर थांबलो. भल्यामोठ्या काहिलीत रस रटरटत होता, चुलवाणात वाळलेलं चिपाड सारलं जात होतं. वर येणारी मळी काढायला रसात भेंडीचं पाणी घालतात, हे मला तिथे कळलं. गुळव्याकाका काहिलीवरची नजर न हलवता आमच्याशी बोलत होते. पाक झाला की नाही हे ते पाण्यात थेंब टाकून बघतात. थर्मामीटर वगैरे काही नाही.

"कुठलं पाव्हणं?"

"पुण्याचे, काका."

"मंग पाणी तुमचंच हाय की ह्ये," काका उसाकडे हात करून म्हणाले आणि हसले. आम्हीपण हसलो. जरा उशिराने.

चहा आला. प्यायचं पाणी मात्र विकतच्या जारचं. विहीर शंभर पावलांवर होती. "ती उसाला," काका म्हणाले.

नदीच्या पुलावर गेल्यावर उलगडा झाला. पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी. फोटोत लॉन वाटेल, पण वास फोटोत येत नाही. खडकवासल्याचं स्वच्छ पाणी आपण वापरतो आणि शहराचं मैलापाणी, काही शुद्ध करून, काही तसंच, नदीत सोडतो. मुंढव्याला ते उचलून बेबी कालव्यातूनही शेतीसाठी इकडे पाठवतात. धरणाच्या पाण्यावरून पुणे विरुद्ध दौंड-इंदापूर हा वाद तर उन्हाळ्यातला नेहमीचाच. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला ढकललेला कोड. आपण शुक्रवारी लॉगआऊट करून धबधबे बघायला जातो आणि सपोर्टला बसतं राहू.

आणि हे राहूला संपत नाही. भीमा पुढे उजनी धरणात जाते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी सोलापूर शहर पितं. त्याखाली पंढरपूर. आषाढीला वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतात ती हीच भीमा. माझी आजी तिथलं तीर्थ बाटलीत भरून आणायची आणि आम्हा नातवंडांना चमचा चमचा द्यायची. पुलावर मला नेमकी ती बाटली आठवली. रूममेटला काही बोललो नाही.

गुळाची ढेप घेऊन परतलो. गूळ मात्र अप्रतिम आहे, अगदी खरं सांगतो.

सोमवारी टीममध्ये पुढच्या ट्रिपचा विषय निघाला. भिगवण, फ्लेमिंगो बघायला, पहाटे बोटीतून. भिगवण म्हणजे उजनीचंच बॅकवॉटर. मी येतो म्हणालो, फक्त जाताना गाडी राहूवरून घ्यायची. "तिथे काय आहे बघायला?" लीडने विचारलं.

"आपलं पाणी," मी म्हणालो.