पुस्तकांच्या गावीं

कृष्णाकांठचें वाई हें विद्येचें जुनें क्षेत्र. तेथील घाट, ढोल्या गणपतीचें देवालय, प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हातून मराठी विश्वकोशाचें काम जेथें उभें राहिलें ती जागा, एवढें पाहून गाडी पसरणीचा घाट चढूं लागली, म्हणजे प्रवाशांचें मन सहसा पुढच्या थंड हवेकडे धांव घेतें. परंतु पाचगणी ओलांडल्यावर, महाबळेश्वरच्या वाटेपासून किंचित् आंत, भिलार नांवाचें एक खेडें आहे. ज्या घरांत वाचनाची आवड आहे, अशा कुटुंबांनीं तेथें एक दिवस तरी अवश्य मुक्काम करावा.

भिलारची जुनी ओळख स्ट्रॉबेरीच्या मळ्यांची. तांबड्या मातीचे लांबच लांब वाफे आणि पानांआड लपलेलीं लालबुंद फळें, हें दृश्य हिंवाळ्यांत गांवाच्या चहूं बाजूंस दिसतें. ४ मे २०१७ रोजीं राज्य शासनानें येथें पुस्तकांचें गांव सुरू केलें. आरंभीं २५ ठिकाणीं मिळून सुमारें १५,००० मराठी पुस्तकें ठेवण्यांत आलीं. वेल्समधील हे-ऑन-वाय या गांवावरून ही कल्पना सुचली. पण दोहोंत मोठा भेद आहे. तें गांव जुन्या ग्रंथांच्या विक्रीवर नांवारूपास आलें. भिलारास पुस्तकें बसून वाचावयाचीं, आणि त्यांचें मोल पडत नाहीं.

मला अधिक मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. येथील पुस्तकें एका मोठ्या इमारतींत कोंडलेलीं नसून लोकांच्या राहत्या घरांत आहेत. एके घरीं कादंबऱ्या, दुसरीकडे इतिहास, आणखी कोठें संतवाङ्मय किंवा मुलांचीं पुस्तकें. ग्रंथालयांत शांतता पाळावी, अशी पाटी असते व ती योग्यच आहे. परंतु घराच्या ओसरीवर बसून वाचणाऱ्या दोन माणसांनीं एकमेकांशीं बोलूं नये, असें कोण म्हणेल? घरधनीण चहा घेऊन येते, पान उलटणारे हात क्षणभर थांबतात, आणि शेजारच्या अनोळखी मनुष्यास आपण सहज विचारतों, “आपण काय वाचतां आहां?” या एका प्रश्नानें किती ओळखी होतात, याची गणती नाहीं.

गेल्या माघांत आम्ही तेथें गेलों तेव्हां आमच्या मंडळींत माझे एक बालमित्र होते. हे निवृत्त वकील. वडील अकालीं वारल्यामुळें चार धाकट्या भावांचीं शिक्षणें व लग्नें त्यांनीं केलीं आणि स्वतः अविवाहित राहिले. त्यांची पुतणीहि बरोबर होती; ती महाविद्यालयांत शिकते. माझ्यापाशीं इरावतीबाई कर्वे यांचें ‘युगान्त’ होतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिच्या आधारें १९६७ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ भारतीय युद्धांतील व्यक्तींकडे माणसें म्हणून पाहतो. भीष्मांवरील प्रकरण मीं नुकतेंच संपविलें होतें. त्याचा मथितार्थ मीं ओसरीवर सांगितला: देवव्रतानें राज्य व संसार सोडला खरा, पण ज्या कुळासाठीं सोडला त्याचें त्यामुळें कल्याण झालें नाहीं, आणि अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी अशा किती स्त्रियांच्या आयुष्याची त्या कुळाच्या पायीं होळी झाली.

वकीलसाहेब एकदम तापले. “मास्तर, हा अभिप्राय नव्हे, हा अपराध आहे! ज्यानें आयुष्यभर कांहीं घेतलें नाहीं, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें?”

मीं म्हटलें, “आपण पुस्तक वाचलें आहे काय?”

“नाहीं, आणि वाचणारहि नाहीं.”

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यांची पुतणी हळूच म्हणाली, “काका, मीं वाचलें आहे. मला तर वाटतें, त्यांत त्यागाची निंदा नाहीं. ज्यांच्यासाठीं त्याग केला, त्यांना कोणी विचारलें होतें काय, एवढाच प्रश्न आहे.”

वकीलसाहेबांनीं तिच्याकडे बराच वेळ पाहिलें. “मलाहि कोणीं विचारलें नव्हतें, बाळ,” असें म्हणून त्यांनीं पुस्तक माझ्या हातून घेतलें. दिवेलागणीपर्यंत ते त्यांतून वर पाहीनात. रात्रीं जेवतांना त्यांनीं आपलें मत दिलें, आणि तें पहिल्यासारखेंच भीष्मांच्या बाजूचें होतें! परंतु आतां त्यास आधार होता, दाखले होते, आणि लेखिकेच्या दोन मुद्द्यांस त्यांनीं मान्यताहि दिली. पुतणीनें आपला मुद्दा सोडला नाहीं. काका-पुतणीचा तो संवाद ऐकतांना मला वाटलें, पन्नास वर्षें या घरांत जें कोणीं बोललें नव्हतें, तें आज भीष्मांच्या निमित्तानें बोललें जात आहे.

वाचलेल्या पुस्तकाविषयीं मत सांगण्याचें खरें महत्त्व मला येथें दिसतें. आपण ग्रंथाविषयीं बोलतों, आणि नकळत आपल्या आयुष्याविषयीं बोलून जातों. समोरासमोर जें उच्चारतां येत नाहीं, त्यास पुस्तक वाट करून देतें. आपल्या पूर्वजांनीं म्हटलेंच आहे कीं, विद्येचा एक चतुर्थांश गुरूपासून, एक आपल्या बुद्धीनें, एक सहाध्यायांकडून व उरलेला काळानें मिळतो. शाळा सुटली, गुरुजी दिवंगत झाले, तरी सहाध्यायांचा चतुर्थांश घरांत बसल्या बसल्या मिळूं शकतो. तो आपणच सोडून देतों.

मात्र या कामीं कांहीं पथ्य पाळावें लागतें. आमच्या शास्त्रकारांची रीत अशी कीं, आधीं पूर्वपक्ष नीट मांडावयाचा आणि मगच त्याचें खंडन करावयाचें. पुस्तकासंबंधींहि तेंच: लेखक काय म्हणतो तें प्रथम सांगावें, मग आपणांस काय वाटतें तें. दुसरें, ग्रंथ अर्धा वाचला असेल तर तसें सांगून बोलावें. अर्ध्या वाचनाचें मत निरुपयोगी नसतें. उलट तें ताजें असतें, कारण पुढें काय होईल याची उत्सुकता त्यांत असते. पण तें निकाल म्हणून देऊं नये. तिसरें, मत मागे घेण्याची वाट मोकळी ठेवावी. घरांतील लहान मुलानें एखाद्या थोर ग्रंथास कंटाळवाणा म्हटलें, तर त्यास दटावण्याऐवजीं कोणत्या पानापासून कंटाळा आला, एवढें विचारावें. त्या उत्तरांतून मूलहि कळतें आणि कधीं कधीं ग्रंथहि.

भिलारला जावयास सर्वांस सवड होईलच असें नाहीं. घाटाचा रस्ता वयस्कांस सोसत नाहीं, आणि मे महिन्यांत महाबळेश्वरच्या वाटेवर गाड्यांची गर्दी फार असते. पण ओसरी प्रत्येकाच्या घरीं कोठल्या ना कोठल्या रूपानें आहे. सदनिकेंत ती नसेल तर जेवणाची जागा आहे. आठवड्यांतील एक सायंकाळ ठरवावी. आजींचें ‘स्मृतिचित्रें’ असो कीं नातवाची साहसकथा, प्रत्येकानें आपल्या हातांतील पुस्तक बरोबर आणावें, दोन मिनिटें बोलावें, आणि इतरांनीं ऐकावें. ऐकणें हें बोलण्याहून कठीण आहे. पण सहाध्यायांचा चतुर्थांश त्यावांचून पदरांत पडत नाहीं.